दुकानदार पोरांना ॲसिड देतो, तक्रार कुठे करायची?

घाईतली_बाई: पटकन सांगा प्लीज. कोपऱ्यावरचा किराणावाला पोरांना सर्रास ॲसिड देतो. काल माझा मुलगा बाटली घेऊन आला, झाकण सैल, पिशवी खालून विरलेली. जाब विचारला तर म्हणे, "ताई, सगळ्यांचीच पोरं नेतात." पोलीस, महापालिका की एफडीए?

खडूस_काका: कसलं ॲसिड? मुलगा सहा वर्षांचा की सोळा? गाव कुठलं? सीलबंद की सुटं? मागे एकीने ॲसिड म्हणून धागा काढला, निघालं फिनाईल.

घाईतली_बाई: संडासात टाकतात ते, अजून कसलं! मुलगा सातवीत. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलं. गाव तालुक्याचं, म्हणजे नगरपालिका. घाईत लिहिलं.

निंबोणी: मुळात ॲसिड आणताच कशाला? लिंबूसत्त आणि गरम पाणी, रात्रभर ठेवायचं. आमची शहाबादी फरशी मी अकरा वर्षं त्यानेच धुतेय.

खडूस_काका: शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. अकरा वर्षांत उरलीय का काही?

निंबोणी: तुम्ही येऊन पुसून बघा.

वकील_नाही_पण: मुद्द्यावर येऊ. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, जुलै 2013. 18 वर्षांखालच्यांना ॲसिड विकायचंच नाही. मोठ्यांनाही सरकारी फोटो ओळखपत्र आणि कारण विचारून. रजिस्टरात नाव, पत्ता, किती दिलं याची नोंद. साठा एसडीएमकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्याकडे, जाहीर करायचा. न केल्यास साठा जप्त आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे तुमचं ठिकाण प्रांत ऑफिस. लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत पोलीस ठाण्यात.

गल्ल्यावरून: मी स्वतः दुकानदार. ओळखपत्र मागितलं की गिऱ्हाईक म्हणतं, "संडास धुवायला आधार कार्ड?" आणि निघून जातं. सायकलवर "ॲऽऽसिड फिनाईल" ओरडत फिरतो त्याच्याकडे कुठलं रजिस्टर? एक विचारू का ताई, मुलाला पाठवलं कोणी?

घाईतली_बाई: सासूबाईंनी. नेहमी तोच आणतो. पण विषय तो नाहीये.

खडूस_काका: विषय तोच आहे.

वकील_नाही_पण: नाही हो. घरच्यांनी पाठवलं म्हणून विक्रेता सुटत नाही.

गल्ल्यावरून: बरोबर, पण अर्जात "नेहमी आणतो" लिहू नका. तुम्हालाच विचारतील.

मिठू_मिया: कोणी विचारलं नाही तरी सांगतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका, क्लोरीन वायू होतो. बंद संडासात तर अजिबात नको. आणि चुकून पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, थेट दवाखाना.

निंबोणी: म्हणून म्हणते लिंबूसत्त.

शाळाशेजारी: अवांतर: व्हाइटनर-थिनरच्या बाटल्यांवर केंद्राने 2012 मध्ये बंदी आणली, पेनवाला व्हाइटनर चालतो. पंक्चरच्या सोल्यूशनचं काय? स्टेशनवरची पोरं तेच रुमालात घेऊन हुंगतात. त्याचं रजिस्टर कोण ठेवणार?

खडूस_काका: वेगळा धागा काढा.

घाईतली_बाई: प्रांत ऑफिसला सोमवारी जाते. बाटली गॅलरीत आहे, सोबत नेऊ का पुरावा म्हणून?

वकील_नाही_पण: एसटीतून?? फोटो न्या. बाटली उंचावर ठेवा. आणि ते झाकण घट्ट करा आधी.