इन्स्टंट गिझर घेऊ की टाकीवाला? घरात ५ माणसं, बोअरचं पाणी, प्लंबर दारात उभा आहे

पाचगावकर_८८

नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरात पाचगाव रोडला, खाली जुनं आणि आता वर एक मजला चढवलाय. वरच्या बाथरूमच्या टाइल्स बसल्या आणि प्लंबर रोज विचारतोय की गिझर कुठला येणार सांगा, पॉइंट काढायचाय. इतकी वर्षं खाली तांब्याचा बंब होता, आण्णा पहाटे उठून शेणी लाकडं घालून पेटवायचे आणि सगळ्या घराची अंघोळ त्याच्यावर. आता वर काय बंब नेता येत नाही, नव्या टाइल्सवर धूर बसला तर बायको मला पण बंबात घालंल.

शाहूपुरीत एका दुकानात गेलतो तर तो म्हणाला ३ लिटरचा इन्स्टंट न्या, स्वस्तात काम आणि लाइट बिल निम्म्यावर. शेजारचा दुकानदार म्हणाला २५ लिटरचा ५ स्टार न्या, इन्स्टंट म्हणजे खेळणं. त्यात मेव्हण्यानं परदेशातल्या टँकलेसचे व्हिडिओ पाठवलेत, भिंतीवर एवढीशी पेटी आणि अख्ख्या घराला गरम पाणी, टाकीच नाही.

अंघोळीचा टाइम असा: आण्णा ५ ला (आधी अंघोळ आणि मग रंकाळ्यावर फिराय, उलटं का नाही हे विचाराय आजवर कुणाची छाती झाली नाही), मग आई, सव्वासहाला पोरगी, आणि आम्ही दोघं ८ च्या आसपास. कुणी वापरत असलं तर सांगा, उद्यापर्यंत ठरवाय पाहिजे.

वायरमन_बावडा

भावा, मी हेच काम करतोय म्हणून जरा लांबण लावतो, वाच निवांत.

पाणी तापवाय जेवढी वीज लागती तेवढी लागतीच, इन्स्टंटनं तापव नाहीतर टाकीनं. १५ लिटरची बादली २० अंशानं तापवायची तर साधारण ०.३५ युनिट जातंय, म्हणजे तीन बादल्यांना एक युनिट पकड. निम्मं बिल म्हणणाऱ्याला विचार की बाकीची निम्मी उष्णता काय ज्योतिबाच्या डोंगरावरनं येणार का. टाकीवाला दिवसभर चालू सोडला तर टाकी गार होती, परत तापती, परत गार होती, तो खर्च वेगळा, आणि २४ तासाला तो किती युनिट ते स्टार लेबलवर छापलेलं असतंय, घेताना तेवढा आकडा बघ. पण तुमची सगळी अंघोळ ५ ते साडेआठमध्ये उरकतीया, नंतर बटण बंद केलं की तो खर्च नावाला राहतोय.

आता मेव्हण्याचे व्हिडिओ. तिकडची ती अख्ख्या घराची पेटी १८ ते २७ किलोवॅटची असती. १८ पकडलं तरी आपल्या २३० व्होल्टला ७८ अँपिअर झाले, घरच्या सिंगल फेज मीटरवर ते होणे नाही. इथं इन्स्टंट म्हणून मिळतोय तो ३ किलोवॅटचा, काही साडेचारचे. नाव एकच पण जात वेगळी, सगळा घोळ तिथंच होतोय.

तू एक कर. वरच्या बाथरूमचा नळ पूर्ण सोड आणि बादली भराय किती वेळ लागतोय ते मोबाइलवर लाव. आणि वरची टाकी शॉवरपेक्षा किती उंच आहे ते सांग. मग बोलू.

मंगळवारपेठी

सोलर घे की, गच्ची आहे तर. उन्हाळ्यात चटके बसतील असलं पाणी येतंय.

पाचगावकर_८८

@मंगळवारपेठी सोलर डोक्यात होतं पण जून ते सप्टेंबर आपल्याकडं सूर्य दिसतोय कुठं, तवा परत आतली कॉइल चालू करायचीच. आणि बांधकामात पैसे संपलेत हे खरं कारण.

राजारामपुरीची_सून

मी बोअरच्या पाण्यावर बोलते कारण ते कुणीच बोलत नाही. माझं माहेर आर के नगरकडं, तिथं बोअरच आहे. बाथरूमला ३ लिटरचा इन्स्टंट लावला होता, पहिलं वर्ष छान गेलं. मग पाणी कोमट येऊ लागलं, आम्हाला वाटलं थंडीमुळं. पप्पा म्हणत होते थंडी वाढलीय, फेब्रुवारी संपला तरी थंडी वाढलेलीच 😄 शेवटी मेकॅनिकनं उघडलं तर कॉइलवर पांढरा थर असा की करंगळीएवढी कॉइल अंगठ्याएवढी झाली होती, आणि एका जागी चिरून काळी पडलेली. त्यानं ती न्हाणीत आपटली तर खडूसारखे पापुद्रे पडले, बाजूला ठेवलेला एक तुकडा लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकून दाखवला, तो फसफस करत गेला.

टाकीवाल्यात पण क्षार बसतोच, असं नाही की बसत नाही. पण त्यात जागा मोठी असते आणि आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंज धरू देत नाही. बोअरचं पाणी असेल तर तो रॉड वर्षाला एकदा काढून बघायचा, झिजून काडी झाला असेल तर बदलायचा. दुकानात हे कुणी सांगत नाही, टाकी फुटली की नवीन विकायला मोकळे. आणि काटा ७५ वर ठेवू नका, जेवढं जास्त तापवाल तेवढा क्षार जास्त सुटतो, ५५-६० पुष्कळ झालं.

इन्स्टंट वाईट नाही हो. माझ्या स्वयंपाकघरात सिंकखाली आहे, डिसेंबरात तुपाचे डबे घासायला त्याच्यासारखं सुख नाही. पण इथं नळाचं पाणी आहे, बोअर नाही.

रंकाळा_वॉकर

गॅस गिझर लाव आणि मोकळा हो. मिनिटाला ६ लिटर गरम पाणी, लाइट गेली तरी चालतंय, एकामागं एक दहा माणसं अंघोळ करू देत. आमच्याकडं सहा वर्षं झाली नाद खुळा चालतोय.

वायरमन_बावडा

@रंकाळा_वॉकर काका तुमचं बरोबर आहे पण तुमचा कुठं लावलाय ते पण सांगा की. माझ्या अंदाजानं गॅलरीत असणार.

गॅसवाला बाथरूमच्या आत लावू नका, बाकी सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. माझ्या मावशीच्या घरी आत होता, हवेची खिडकी छोटी, ती पण थंडी म्हणून बंद केलेली. भाचा अंघोळीला गेला, नळ चालू राहिला, हाक मारली तर ओ नाही. कडी लावायची सवय नव्हती म्हणून वाचला, दार ढकललं तर पोरगं पाटावर भिंतीला टेकून बसलेलं, तांब्या हातात तसाच, डोळे अर्धे उघडे. बाहेर वाऱ्याला आणलं, उलटी झाली, नंतर दवाखान्यात नेलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोय, घुसमटल्यासारखं पण होत नाही, नुसती झोप येती. त्याच दिवशी मी स्वतः तो काढून बाहेरच्या पॅसेजमध्ये लावला आणि आत फक्त पाइप नेला.

रंकाळा_वॉकर

गॅलरीतच आहे. लिहायचं राहिलं, चूक झाली.

पाचगावकर_८८

हे वाचून बायकोनं गॅसवर फुली मारली.

@वायरमन_बावडा मोजलं दादा. आमची निळी बादली, बुडाला १५ लिटर लिहिलंय, नळ पूर्ण सोडून अडीच मिनिटात भरली. दोनदा मोजलं, पोरगी टाइम लावत होती. टाकी गच्चीवर चार फुटी कट्ट्यावर, शॉवरपासनं टाकीचं बूड साधारण दोन मीटर वर आलं. शॉवर तसा रडतोयच.

वायरमन_बावडा

मग झालं की. अडीच मिनिटात १५ लिटर म्हणजे मिनिटाला ६ लिटर. ३ किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला ६ लिटर पाणी जेमतेम ७ अंशानं तापवणार, म्हणजे २२ चं पाणी २९ होऊन येणार, आण्णा शिव्या घालतील. २० अंश वाढवायचे तर नळ दाबून मिनिटाला दोन लिटरच्या आसपास आणाय लागतोय, म्हणजे एक बादली भराय सात मिनिटं. एकट्या माणसाला चालंल, सव्वासहाला शाळेची रिक्षा दारात हॉर्न मारत असताना चालणार नाही.

२५ लिटरच्या टाकीत पाणी ६० ला गेलं की त्यात गार मिसळून अंघोळीचं असं ४० लिटर तरी निघतंय, कागदावर जास्त येतंय पण शेवटचं पाणी गारच लागतंय म्हणून कमी धर. तुमच्या बादलीनं अडीच बादल्या. आतली कॉइल २ किलोवॅटची, गार टाकी परत ६० ला जायला अर्धा तास आणि वर थोडं. आण्णा आणि आई झाले की पोरगीपर्यंत टाकी तयार, तुम्ही दोघं तर ८ ला. तुमचं टाइमटेबल बघता २५ लिटरच घे, १५ चा घेतलास तर पोरगी आणि बायको एकाच दिवशी केस धुणार तवा भांडण लागंल.

प्रेशरचं म्हणशील तर दोन मीटर उंची म्हणजे ०.२ बार. टाकीवाल्याला त्यात अडचण नाही, शॉवर आत्ता रडतोय तसाच रडंल. उद्या प्रेशर पंप बसवायचा विचार असंल तर ८ बार प्रेशर सोसणारा घे म्हणजे परत बदलायची भानगड नको. वायर बोर्डापासनं वेगळी ४ स्क्वेअर एमएम ओढ, १६ अँपिअरचा प्लग, वेगळा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग खरं आहे का ते तपासून घे. जुन्या घराचं अर्थिंग बऱ्याचदा फक्त हिरव्या वायरीपुरतं असतंय, वायर आहे पण जमिनीत कायच नाही.

मंगळवारपेठी

सोलर राहूनच गेलं म्हणायचं.

पाचगावकर_८८

मंडळी, २५ लिटरचा घेतला, ५ स्टार, परवा बसला. पाणी एक नंबर. पण एक लफडं झालंय. गिझर चालू केला की खालच्या व्हॉल्वमधनं टिप टिप पाणी गळतंय, बंद केला की थांबतंय. दुकानदाराला फोन केला तर म्हणतोय कंपनीला कॉल टाका. नवीन माल आणि दुसऱ्या दिवशी गळती, माझं डोकं फिरलंय. आईनं खाली तांब्या ठेवलाय. प्लंबर म्हणतोय एमसील मारून देतो.

वायरमन_बावडा

थांब थांब, एमसील मारू नको!! प्लंबरचा हात धर.

ती गळती नाही. पाणी तापलं की फुगतंय. २५ लिटर पाणी २२ वरनं ६० ला गेलं की पावणेचारशे मिली जास्तीचं होतंय, आणि आत येणाऱ्या पाइपाला एकतर्फी व्हॉल्व असल्यामुळं त्याला मागं जाता येत नाही, मग ते त्या सेफ्टी व्हॉल्वमधनं थेंब थेंब बाहेर पडतंय. ते तोंड बुजवलंस तर फुगलेलं पाणी जाणार कुठं, टाकीवर ताण. त्यात थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा स्विच) अडकला तर टाकी फुटती. व्हॉल्वच्या तोंडाला बारकी नळी जोड आणि न्हाणीच्या जाळीपर्यंत सोड, विषय संपला. गिझर बंद असताना पण गळाय लागलं तर मात्र व्हॉल्व बदल.

पाचगावकर_८८

बरं झालं विचारलं. सकाळी मुद्दाम बघितलं, तांब्या निम्मा पण भरला नाही. नळी आणेपर्यंत आई ते पाणी गार करून तुळशीला घालतीया.

आणि आण्णा अजून खाली बंबावरच अंघोळ करतायत, वर यायलाच तयार नाहीत. त्यामुळं ५ माणसांचा हिशोब ४ वर आलाय.