आईला घेऊन आठ दिवस शांत राहता येईल असं कोकणातलं घर सुचवा

शलाका_ठाणे:
नमस्कार. बाबा श्रावणात गेले. त्याआधीचे चार महिने घर आणि दवाखाना एवढंच चालू होतं. आईचं वय 71. आमच्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना पुनर्विकासाची कामं निघालीत, सकाळी आठला सुरू झालेलं ड्रिल अंधार पडेपर्यंत थांबत नाही. परवा ती म्हणाली, "मला कुठंतरी ने गं, जिथं नुसता कोंबडा ऐकू येईल."

दिवाळीनंतर कर्जतच्या बाजूला एका कृषी पर्यटन केंद्रावर दोन दिवस नेलं होतं. शनिवारी रात्री तिथल्या लॉनवर कुणाची तरी हळद होती, साडेबारापर्यंत स्पीकर. आई खिडक्या लावून, कानावरून शाल घेऊन बसून राहिली. येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. मला फार वाईट वाटलं.

डिसेंबरात आठ दिवस रजा मिळतेय. तिचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. बीपीची गोळी चालू आहे. आम्ही शाकाहारी. पोहण्याचा तलाव वगैरे काही नको. कोकणात कुणाच्या राहत्या घरी मुक्काम केला असेल तर कृपया सांगा.

मीनल_डोंबिवली:
दिवेआगरला बरीच घरगुती सोय आहे, जेवण छान मिळतं. फक्त शुक्रवार ते रविवार टाळा, गाड्यांची रांग लागते. सोमवारी पोहोचा.

श्रीरंग_पुणे:
शलाकाताई, तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो, कारण दोन वर्षांपूर्वी मी याच परिस्थितीत होतो. आई गेली आणि वडील बोलायचेच बंद झाले. डिसेंबरात त्यांना घेऊन वेळासला नऊ रात्री राहिलो.

वेळास मंडणगड तालुक्यात आहे, नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता लोकांना ते कासवांमुळे माहीत असतं. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी घराघरात पाहुणे असतात. डिसेंबरात तसं नसतं. आम्ही होतो तेव्हा अख्ख्या घरात पाहुणे म्हणून आम्ही दोघंच. चिऱ्याचं कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे नारळी-पोफळीची बाग. अंगणात सुपारी वाळत घातलेली. गाव मुख्यतः शाकाहारी जेवण देतं, त्यामुळे तुमची अडचण होणार नाही.

पहिले तीन दिवस वडील ओटीवर खुर्ची टाकून बसले, बस. सकाळी मऊभात, मेतकूट, वर तूप. दुपारी जेवून झोप. मला वाटलं, आपण चुकलो, इथे आणून त्यांना आणखी एकटं केलं. चौथ्या दिवशी घरच्या काकू कडवे वाल सोलायला बसल्या होत्या. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, शेजारी दुसरं पातेलं. वडील उठून त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन गेले आणि म्हणाले, "द्या इकडे." अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबलं की दाणा पुढून सटकतो आणि साल हातात राहते. ते त्यांना नीट जमत होतं. वीसेक मिनिटांनी म्हणाले, "ही बिरडं करायची तेव्हा सोलायचं काम माझ्याकडेच असायचं." आई गेल्यापासून त्यांनी तिच्याबद्दल काढलेलं ते पहिलं वाक्य. काकूंनी काही विचारलं नाही, सांत्वन केलं नाही, फक्त पातेलं थोडं त्यांच्याकडे सरकवलं. त्या दिवशी दुपारी ते जेवताना दोनदा आमटी मागून घेऊन जेवले.

म्हणून माझं प्रामाणिक मत सांगतो. नुसती शांतता पाहून जागा निवडू नका. दुःखातल्या माणसाला रिकामी, सुंदर खोली खायला उठते. ज्या घरात लोक राहतात, कुणी सुपारी गोळा करतंय, कुणी गाईला पेंढा घालतंय, अशा घरात ठेवा. आवाज असतील, पण ते कामाचे आवाज असतात. त्यांचा त्रास होत नाही.

आता गुडघ्यांचं. फोनवर तीन गोष्टी विचारा: कमोड आहे का, रात्री तिथे जायला पायऱ्या उतराव्या लागतात का, आणि जेवायला टेबल-खुर्ची आहे की पाट. आम्ही पहिली गोष्ट विचारली, दुसरी राहिली. अंगण ओलांडून चार पायऱ्या होत्या. मी रोज रात्री बॅटरी घेऊन वडिलांबरोबर जायचो.

समुद्र गावापासून चालत जाण्यासारखा आहे, सुरूच्या बनातून वाट जाते. आईंना ओहोटीच्या वेळी न्या, मग ओल्या घट्ट वाळूवर पाय रुतत नाही. घरच्या काकांनी मला हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाच-सहाला पाणी पार आत गेलेलं असतं. रजेचे दिवस ठरवताना पंचांग बघून ठेवा, उपयोग होतो.

विनय_मंडणगड:
श्रीरंगदादांनी चांगलं लिहिलंय. मी इथलाच, तेव्हा थोडी भर. मुंबईकडून माणगावपर्यंत रेल्वेने येता येतं, पुढे आंबेत-मंडणगड. गाडी असेल तर श्रीवर्धनच्या बाजूने येऊन बागमांडल्याला जंगल जेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवा, वेसवीला उतरा. आईंना खाडीतला तो प्रवास आवडेल, आणि घाटाची वळणंही टळतील. ग्रामीण रुग्णालय गावात नाही, मंडणगडला आहे, म्हणून बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि चार जास्त आणा. रोख पैसे ठेवा. काही फोनना रेंज मिळत नाही, हे घरी सांगून निघा.

आणखी एक. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. पाहुण्यांच्या पैशावर कित्येक घरं त्या काळात तगली. तुम्ही आठ दिवस येऊन राहिलात तर त्या घराला खरोखर मदत होते. दर ठरवताना घासाघीस करू नका, एवढीच विनंती.

शलाका_ठाणे:
श्रीरंगदादा, विनयदादा, मनापासून आभार. वालांचं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पायऱ्यांचं विचार हं आधी." म्हणजे यायचं ठरलं असं मी धरते! पंचांग काढून बसलोय. तिनं विचारलंय, वाल इथून घेऊन जायचे का?

श्रीरंग_पुणे:
नका नेऊ, तिथे घरचे असतात. पोहोचलात की त्याच रात्री भिजत घालायला सांगा, म्हणजे मोड येऊन तिसऱ्या दिवशी सोलायला घेता येतील.