मदत हवी आहे: फाटकासमोर अनोळखी गाडी, बेळगाव शहापूर

मंडळी, आमच्या फाटकाला अगदी लागून कुणीतरी एमएच ०९ पासिंगची कार लावून गेलंय. काल संध्याकाळपासून तिथंच आहे. सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचं असतं, आमची गाडी आतच अडकली. रिक्षात त्यांना चढता येत नाही.

गल्लीत सगळ्यांना विचारलं, जवळच्या मंगल कार्यालयातही चौकशी केली. काचेवर नंबर नाही. एमपरिवहन या सरकारी वाहन-माहितीच्या ॲपवर मालकाचं नाव अर्धवट दिसतं, फोन मिळत नाही. चाकाची हवा सोडा असं शेजारी म्हणतात. ते मला करायचं नाही. गाडी उलट तिथंच अडून बसेल, वर भांडण. फोटो वेळेसकट काढून ठेवलेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास बेवारस उभी असलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात, एवढं वाचलंय. आमच्या फाटकावर नो पार्किंगची पाटी नाही, समोरचा रस्ता महापालिकेचा आहे.

बेळगावात कुणी अशी गाडी हलवून घेतलीय का? वाहतूक पोलिसांकडे जायचं की हद्दीतल्या ठाण्यात? अर्ज मराठीत चालतो की कन्नडमध्येच लागतो? आणि पाटी नसताना दहा तास थांबावंच लागतं का?