दोन सेलच्या व्हेप मॉडसाठी १८६५० सेल आणि चार्जर कोणता घ्यावा?

लेस्टरकर:
ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेपच्या (एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटच्या) विक्रीवर बंदी आली, म्हणून सेल बदलता येणारा दोन सेलचा रेग्युलेटेड मॉड (सर्किट असलेलं, वॅट ठरवता येणारं व्हेपचं यंत्र) घेतोय. वापर ६० ते ८० वॅट. ऑनलाइन ३००० एमएएच (साठवणक्षमता) चा सेल महाग दिसतो आणि ९९०० एमएएचचा निम्म्या किमतीत मिळतो, हे कसं? चार्जर वेगळा लागतो की मॉडच्या यूएसबीवर भागतं? आणि डिसेंबरमध्ये पुण्याला जाताना हे सोबत नेता येईल का?

सर्किटवाला:
९९०० वाला घेऊच नका, आकडा खोटा आहे. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब सेल; एवढ्या डब्यात चांगल्या कंपन्यांचे सेलसुद्धा ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात, आणि तेही व्हेपला लागणारा करंट देत नाहीत. आधी बघायचं ते सतत किती अँपिअर मिळतात हे. जाहिरातीतला ‘पल्स’ (क्षणभरापुरता) आकडा धरू नका.

रेग्युलेटेड मॉडमध्ये कॉइलच्या (द्रव तापवणाऱ्या तारेच्या) ओहमवर सेलचा करंट ठरत नाही, वॅटवर ठरतो. सेल उतरत गेला की तेवढेच वॅट द्यायला मॉड जास्त करंट ओढतो, त्यामुळे हिशेब भरलेल्या ४.२ व्होल्टवर न करता कटऑफवर (सेल उतरल्यावर मॉड जिथे थांबतो त्या व्होल्टेजवर) करा. दोन सेल सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले), प्रत्येकी ३.२ व्होल्ट, सर्किटची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ८० ÷ (६.४ × ०.९) = जवळपास १४ अँपिअर. सिरीजमध्ये हाच करंट दोन्ही सेलमधून जातो. म्हणजे २० अँपिअरचा सेल हवा: सॅमसंग २५आर (२५०० एमएएच) किंवा एलजी एचजी२ (३०००). सॅमसंग ३०क्यू १५ अँपिअरचा, तुमच्या ८० वॅटला काठावर. नकली माल भरपूर आहे, तेव्हा व्हेपच्या किंवा बॅटरीच्या नावाजलेल्या दुकानातूनच घ्या.

मल्टिमीटर:
यात रॅपचं, म्हणजे सेलवरच्या प्लास्टिकच्या आवरणाचं, राहिलं. १८६५०चा अख्खा पत्र्याचा डबा निगेटिव्ह असतो, अगदी वर पॉझिटिव्ह टोकाच्या कडेपर्यंत. मधे फक्त पातळ प्लास्टिक आणि एक पांढरी रिंग. तिथे रॅप फाटला आणि मॉडचा पत्रा टेकला की थेट शॉर्ट. चीर दिसली की नवा रॅप चढवा, डब्याला पोचा असेल तर सेल बाद. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटा सेल कधीही नको. व्हेप बॅटरीचे बरेच अपघात असेच होतात. प्लास्टिकची डबी अगदी स्वस्तात मिळते.

दोन सेल एकाच वेळी, एकाच मॉडेलचे घ्या, त्यांवर खूण करा आणि कायम जोडीनेच वापरा, जोडीनेच चार्ज करा. एक जुना, एक नवा घातला तर कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला आणखी खाली ओढतो.

चार्जर वेगळाच घ्या. मॉडच्या यूएसबीवर दोन्ही सेल नीट समतोल भरतीलच असं नाही. प्रत्येक खाचेचं स्वतंत्र सर्किट हवं, ४.२ व्होल्टला (फरक ०.०५ पर्यंत) थांबणारं. एक्सटार व्हीसी४ सारखा, व्होल्टेज दाखवणारा उत्तम. करंट ०.५ ते १ अँपिअर ठेवा. सेल कोमट झाला तर चालतं, हाताला चटका बसला तर काढा. गादीवर किंवा रात्री झोपताना चार्जिंग नको. २.५ व्होल्टखाली बराच काळ पडून राहिलेला सेल पुन्हा जिवंत करू नका: आतलं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना आत शॉर्ट होऊ शकतो.

लेस्टरकर:
बाद झालेले सेल टाकायचे कुठे?

मल्टिमीटर:
टोकांवर चिकटपट्टी लावून सुपरमार्केटमधल्या बॅटरीच्या पेटीत. वर्षाला ३२ किलो किंवा जास्त बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानांना त्या परत घ्याव्याच लागतात. घरच्या कचऱ्यात टाकले तर कचऱ्याच्या गाडीत चिरडून पेट घेतात.

पुणेकर_लंडन:
पुण्याला मॉड नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या आयातीवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मॉड लेस्टरलाच ठेवा, पण सेल बाहेर काढून, साधारण ३.७ व्होल्टवर, डबीत आणि रेडिएटरपासून लांब.