मदत हवी आहे: जुन्या जावा मॉड्यूलचं आर्किटेक्चर आणि डिपेंडन्सी लिहून काढायच्या आहेत

चांदणचुरा

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्याकडे बिलिंगचं एक जावा मॉड्यूल आलं. साधारण ३४० क्लास, २७ पॅकेजेस, बिल्ड मेव्हन या टूलवर, चालतं जावा ८ वर. अकरा वर्षं ज्यांनी ते सांभाळलं ते आमचे सर सहा आठवड्यांनी निवृत्त होतायत. त्यानंतर ते जावा १७ वर न्यायचं आहे आणि ते काम माझ्याकडेच आहे. म्हणून सर आहेत तोवर मॉड्यूल आतून कसं आहे आणि कशाकशाच्या आधारावर उभं आहे (म्हणजे त्याच्या डिपेंडन्सी) हे लिहून ठेवायचं ठरवलंय.

आत्ता हातात आहे ते एक जुनं चित्र. त्यात सहा चौकोन आणि मधे बाण. त्यातल्या दोन चौकोनांच्या नावाची पॅकेजेस आता कोडमध्ये नाहीतच.

आतापर्यंत केलेले प्रयत्न:

आयडीईमधून क्लास डायग्राम काढला. भिंतभर जाळं झालं, त्यातून मलाच काही कळेना.

मेव्हनचा डिपेंडन्सी ट्री काढला. १९० ओळी आल्या. त्या तशाच डॉक्युमेंटमध्ये चिकटवल्या, पण वाचणाऱ्याला त्यातून काय मिळणार?

मग मेव्हनचंच डिपेंडन्सी अ‍ॅनालाइझ चालवलं. पॉममध्ये (मेव्हनच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये) लिहिलेल्या पण न वापरलेल्या जारची (लायब्ररीच्या बांधलेल्या फाइलींची) यादी मिळाली. त्यातला एक जार मी काढला. बिल्ड झालं, सगळ्या टेस्ट हिरव्या. आणि त्या रात्री बिलांच्या पीडीएफ बनेनात. तो जार फॉन्टचा होता. त्यात एकही क्लास नाही, नुसत्या फॉन्टच्या फाइली आणि एक प्रॉपर्टीज फाइल. सकाळपर्यंत परत लावला, पण तेव्हापासून कुठल्याही टूलच्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

तर विचारायचं आहे ते असं. सुरुवात कुठून करू? चित्र किती खोलात काढावं? टूलला न दिसणाऱ्या डिपेंडन्सी कशा शोधायच्या? आणि सरांचा वेळ मिळतो तो आठवड्याला दोन तास, त्यात नेमकं काय विचारू?

निशाचर

चांगला धागा. पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

क्लास डायग्राम सोडून द्या. ३४० क्लासचं चित्र कोणी वाचत नाही आणि ते आठवड्याभरात शिळं होतं. सायमन ब्राउन यांच्या सी-फोर मॉडेलमध्ये चार पातळ्या आहेत: भोवतालची सिस्टिम, कंटेनर, कॉम्पोनंट आणि कोड. तुम्हाला पहिली आणि तिसरी पुरे. एका पानावर मॉड्यूल मधे ठेवून त्याच्याशी बोलणारं सगळं बाहेरचं काढा: डेटाबेस, दुसऱ्या सर्व्हिस, फाइली टाकण्याचे फोल्डर. दुसऱ्या पानावर आतले पाच-सात मोठे भाग. २७ पॅकेजेस म्हणजे २७ चौकोन नव्हेत, एका कामाची पॅकेजेस एका चौकोनात घाला.

हे दुसरं पान आठवणीतून काढू नका, जेडेप्स हे डिपेंडन्सी दाखवणारं टूल वापरा. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) ८ पासून ते सोबतच येतं, वेगळं काही बसवायला लागत नाही. सोर्सवर नाही, बिल्ड झालेल्या जारवर चालवायचं. समरी मागितली तर कुठला जार कुठल्या जारवर टेकलाय ते कळतं, नुसतं चालवलं तर पॅकेजनिहाय यादी मिळते. डॉट फाइलही देतं, ती ग्राफव्हिझ या चित्र काढणाऱ्या टूलमध्ये घातली की चित्र तयार. यादीत खूप ठिकाणी 'नॉट फाउंड' दिसलं तर घाबरू नका, क्लासपाथ (जार कुठे शोधायचे त्याची यादी) दिला नाही की तसं होतं.

तुम्हाला १७ वर जायचंय, तर त्याला जेडीके इंटर्नल्सचा पर्याय देऊन एकदा नक्की चालवा. जुन्या कोडमध्ये सन डॉट मिस्क मधला बेस-६४ एन्कोडर हमखास सापडतो. तो जावा ९ मध्ये काढून टाकला आणि त्याच्या जागी युटिल पॅकेजमधला बेस-६४ क्लास आहे, जो ८ मध्येही आहे. म्हणजे तो बदल आजच करता येईल. एक्सएमएलसाठी जॅक्सबी वापरत असाल तर तेही जावा ११ पासून जेडीकेमध्ये नाही, स्वतंत्र डिपेंडन्सी म्हणून घ्यावं लागेल. आज ते तुमच्या पॉममध्ये दिसत नसेल, कारण जेडीके फुकटात देतंय. डिपेंडन्सीच्या कागदावर 'जेडीकेकडून मिळणारं' असा रकाना हवा तो याचसाठी.

रानपाखरू

निशाचर यांच्याशी सहमत. पण चांदणचुरा, तुमचा घाव फॉन्टच्या जारचा आहे, त्यावर आधी बोलू.

अ‍ॅनालाइझ आणि जेडेप्स दोघंही कम्पाइल झालेला बाइटकोड वाचतात. बाइटकोडमध्ये ज्याचं नाव नाही ते त्यांना दिसत नाही. त्यातून सुटणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. क्लास डॉट फॉरनेम ला स्ट्रिंग देऊन लोड केलेले क्लास. स्प्रिंग फ्रेमवर्कच्या एक्सएमएलमध्ये नावानं लिहिलेले बीन (ऑब्जेक्ट). मेटा-इन्फ मधल्या सर्व्हिसेस फोल्डरमधून सर्व्हिसलोडर उचलतो ते, जेडीबीसी ड्रायव्हर असाच येतो. दुसऱ्या क्लासमधला स्टॅटिक फायनल कॉन्स्टंट: कम्पायलर त्याची किंमत थेट तुमच्या क्लासमध्ये उतरवतो, मूळ क्लासशी असलेलं नातं टूलच्या नजरेतून सुटू शकतं. लोम्बोकसारखी फक्त सोर्सपुरती राहणारी अ‍ॅनोटेशन्स. आणि तुमच्यासारखे नुसते रिसोर्स असलेले जार.

म्हणून 'न वापरलेल्या' यादीकडे चौकशीची यादी म्हणून बघा, काढून टाकायची यादी म्हणून नको.

शोधायचं कसं: सोर्समध्ये फॉरनेम, गेटरिसोर्स आणि सर्व्हिसलोडर हे तीन शब्द शोधा. सगळ्या एक्सएमएल आणि प्रॉपर्टीज फाइलींमध्ये तुमच्या पॅकेजचं नाव शोधा. मग टेस्ट सर्व्हरवर जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या इंजिनला) क्लास लोडिंगचा लॉग लिहायला लावा. जावा ८ मध्ये 'व्हर्बोज क्लास', ९ पासून 'एक्सलॉग' मध्ये क्लास लोड. प्रत्येक क्लास कुठल्या जारमधून आला ते ओळीत असतं. महिनाअखेरचं बिलिंग धरून एक पूर्ण फेरी चालवा आणि जारची नावं वेगळी काढा.

इथंही एक खड्डा आहे. तुमचा फॉन्टचा जार या लॉगमध्येही दिसणार नाही, कारण त्यात लोड करायला क्लासच नाही. म्हणून क्लासपाथवरच्या प्रत्येक जारची आतली यादी काढून ज्यात एकही क्लास फाइल नाही असे जार हातानं बाजूला काढा. दोन-चारच निघतील. ते का आहेत हे प्रत्येकासमोर लिहा.

पिंपळपान

डिपेंडन्सी म्हटलं की सगळे जार मोजायला लागतात. बिलिंगसारख्या मॉड्यूलच्या मोठ्या डिपेंडन्सी पॉममध्ये नसतातच. कुठले टेबल वाचतं, कुठल्या टेबलमध्ये लिहितं, ते टेबल आणखी कोण वापरतं, आधी कुठला जॉब संपलेला असावा लागतो, सर्व्हरवर कुठलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागतं, सर्व्हरचा टाइमझोन बदलला तर काय होईल. हे कुठलंच टूल सांगणार नाही. ते सर सांगतील.

म्हणून त्यांचे दोन तास पॉम वाचण्यात घालवू नका, ते तुमचं तुम्हाला जमेल. आणि 'सर, आर्किटेक्चर समजावून सांगाल का' असंही विचारू नका. इतक्या मोकळ्या प्रश्नाला कोणालाच नीट उत्तर सुचत नाही. तुम्हाला समजलंय तसं चित्र काढून न्या, चुकलेलं असलं तरी चालेल. माणूस कोऱ्या कागदावर अडखळतो, पण चुकीचा बाण दिसला की हातात पेन्सिल घेतो.

दुसरं, गिटच्या इतिहासात ज्या फाइली सर्वाधिक वेळा बदलल्या आहेत त्या दहा फाइली काढा आणि प्रत्येकीबद्दल 'हे असं का' एवढंच विचारा. उत्तर अर्ध्या पानात लिहा: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये निर्णयनोंदीची जी पद्धत मांडली ती साधारण हीच, त्यात निर्णयाची सद्यस्थितीही लिहितात. क्लास काय करतो हे कोड पाच वर्षांनीही सांगेल. तो असा का आहे हे सांगणारा माणूस सहा आठवड्यांनी तिथं नसेल.

चांदणचुरा

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढची दिशा मिळाली. एक शंका: १७ वर जायचंच आहे, तर मॉड्यूल-इन्फो फाइल लिहावी का? त्यात रिक्वायर्स (काय लागतं) आणि एक्सपोर्ट्स (काय बाहेर देतो) असतात, म्हणजे डॉक्युमेंटेशनच की, आणि तेही कम्पायलर तपासतो असं.

निशाचर

मोह होतो खरा, पण या टप्प्यावर नको. जावा १७ वर चालायला ती फाइल लागत नाही, क्लासपाथ पूर्वीसारखाच वापरता येतो. ती लिहायला गेलात की एकच पॅकेज दोन जारमध्ये विभागलेलं सापडेल, ते मॉड्यूलपाथवर चालत नाही. ज्या जुन्या जारना मॉड्यूलचं नाव नाही त्यांची नावं फाइलच्या नावावरून ठरतात. रिफ्लेक्शनसाठी (चालू असताना क्लासच्या आत डोकावण्यासाठी) ओपन्स लिहीत बसाल. सहा आठवडे त्यातच जातील.

रानपाखरू

मी थोडी वेगळ्या मताची आहे. कागदावरची फाइल म्हणून ती लिहून बघण्यात फायदा आहे: 'बाहेरच्यांनी आमची कुठली पॅकेजेस वापरावीत' हा प्रश्न एक्सपोर्ट्स लिहिताना समोर उभा राहतो. पण बिल्डमध्ये घालू नका, हे मान्य.

कम्पायलरसारखी तपासणी हवी असेल तर आर्कयुनिट ही लायब्ररी घ्या. साध्या जेयुनिट टेस्टमध्ये नियम लिहायचा: आकारणीचं पॅकेज अहवालाच्या पॅकेजला हात लावणार नाही, पॅकेजेसमध्ये चक्र नको. जुन्या कोडमध्ये पहिल्याच रनला शेकडो उल्लंघनं येतात, त्यासाठी नियम गोठवायची सोय आहे. आजची उल्लंघनं नोंदून ठेवतो आणि फक्त नवीन आलं की टेस्ट पाडतो. त्याहून मला आवडतं ते हे की, प्लांटयूएमएलमध्ये (मजकुरातून चित्र काढणारं टूल) काढलेला कॉम्पोनंट डायग्राम त्याला देता येतो आणि कोड त्या चित्राबाहेर गेला तर टेस्ट पडते. तुमच्या त्या जुन्या चित्रावर अशी टेस्ट असती तर गायब पॅकेजेसचे चौकोन इतकी वर्षं टिकलेच नसते. फक्त लक्षात ठेवा, तोही बाइटकोडच वाचतो, तेव्हा वर लिहिलेल्या सगळ्या आंधळ्या जागा त्यालाही आहेत.

पिंपळपान

आणखी एक, नाहीतर विसरेन. ट्रीमधल्या १९० ओळी डॉक्युमेंटमध्ये नकोत, त्या कधीही पुन्हा काढता येतात. डॉक्युमेंटमध्ये फक्त थेट डिपेंडन्सी लिहा आणि जिथं व्हर्जन मुद्दाम बांधलंय तिथं कारण. एकाच जारची दोन व्हर्जन आली तर मेव्हन ट्रीमध्ये जवळचं घेतं, अंतर सारखं असेल तर पॉममध्ये आधी लिहिलेलं. नवं कुठलं हे तो बघत नाही. ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल एरवी वरचं व्हर्जन घेतं. त्यामुळे पॉममध्ये नुसता ओळींचा क्रम बदलला तरी चालणारं व्हर्जन बदलू शकतं. आणि प्रोव्हायडेड स्कोपच्या डिपेंडन्सी वेगळ्या लिहा, त्या सर्व्हर देतो. सर्व्हर टॉमकॅट १० वर गेला की सर्व्हलेटचं पॅकेज जावाएक्सचं जकार्ता होतं, तेव्हा हीच यादी उघडावी लागेल.

चांदणचुरा

तीन आठवड्यांनी लिहितेय.

जेडेप्सच्या आधारानं पाच चौकोनांचं चित्र काढून सरांकडे नेलं. आयात, आकारणी, सवलत, अहवाल, पाठवणी. सरांनी बघताक्षणी पेन्सिल घेतली. आकारणीतून अहवालाकडे जाणारा बाण मी टूलची चूक समजून पुसला होता, तो त्यांनी परत काढला. रकमेचं राउंडिंग करणारा क्लास अहवालाच्या पॅकेजमध्ये आहे आणि आकारणी त्यालाच हाक मारते. सुरुवातीला राउंडिंग फक्त छापताना व्हायचं. छापलेली बेरीज आणि डेटाबेसमधली बेरीज जुळेना, म्हणून घाईत आकारणीलाही तोच क्लास वापरायला लावला. दोन्हीकडे एकच नियम राहावा म्हणून तो तिथून कधी हलवला नाही. मी त्या क्लासकडे दोनदा बघून 'चुकीच्या जागी आहे, १७ च्या वेळी डुप्लिकेट करून टाकू' असं ठरवलं होतं. ती आमची पहिली निर्णयनोंद झाली. आता सात झाल्यात.

क्लास नसलेले जार तीन निघाले. एक फॉन्टचा, एक भाषांतराच्या प्रॉपर्टीजचा, आणि तिसऱ्यात एक्सएमएल तपासायच्या स्कीमा फाइली. जेडीके इंटर्नल्समध्ये बेस-६४ चा एन्कोडर चार ठिकाणी सापडला, ते चारही बदलून झाले. जॅक्सबी आहेच, ते पॉममध्ये आणायचंय.

पॉमच्या बाहेरच्या डिपेंडन्सींची यादी सरांनी तोंडी सांगितली आणि मी टाइप केली. अकरा ओळी आहेत. त्यातली एक मला कधीच सापडली नसती: रात्री दोन वाजता दुसरी एक सिस्टिम सवलतीच्या टेबलमध्ये थेट लिहिते आणि आमचा जॉब अडीचला सुरू होतो. मधे कुलूप वगैरे काही नाही, फक्त ती अर्ध्या तासाची फट.

सगळं रिपॉझिटरीतच, पॉमच्या शेजारी एका फोल्डरमध्ये ठेवलंय. चित्र प्लांटयूएमएलमध्ये आहे आणि आर्कयुनिटची टेस्ट त्यावर चालते. राउंडिंगचा बाण चित्रात ठेवलाय आणि त्याच्याशेजारी नोंदीचा क्रमांक दिलाय.

एक जार अजून अडलाय. सरांनाही आठवत नाही, सोर्समध्ये नाव नाही, महिनाअखेरच्या लॉगमध्येही आला नाही. काढू का?

रानपाखरू

नका काढू. वर्षअखेरीची फेरी अजून झालेली नाही ना? त्याच्यासमोर 'कारण सापडलं नाही' असं लिहा, काय काय तपासलं ते लिहा, आणि वर्षअखेरीच्या रनच्या लॉगमध्ये बघायची तारीख टाका.

चांदणचुरा

तसंच केलं. पिंपळपान, त्या अडीच वाजताच्या फटीबद्दल वेगळा धागा काढते, त्यावर तुमचं मत हवं आहे.