मदत हवी आहे: चुकीच्या तापमानावर दिलेलं तज्ज्ञाचं मत कोर्ट मानतं का?

तापीकाठ_रावेर: राम राम मंडळी. तारीख जवळ आलीय, लवकर सांगा. समोरच्यांनी कृषितज्ज्ञाचा रिपोर्ट लावलाय, थंडी पडलीच नाही, नुकसान करपा रोगाचं म्हणे. आकडे हवामान केंद्राच्या तापमान मोजणाऱ्या मशीनचे, आणि मशीन भिंतीला खेटून, पत्र्याच्या शेडजवळ. साहेब बागेत आलेच नाहीत! हे मत उडतं का?

वकिली_धुळे: कुठलं कोर्ट? पीक कोणतं? विम्याचा दावा आहे का?

तापीकाठ_रावेर: विमाच की. केळी. जळगाव ग्राहक आयोग. ऐन निसवणीत, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळी, बाग थंडीने चरकली, घड पोग्यातच (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानात) अडकले.

चोपडा_शेती: दादा, तालुका समितीचा पंचनामा काढा. बियाण्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2012 साली शेतकऱ्याचीच बाजू घेतली.

वकिली_धुळे: ते बियाण्याचं, इथे नको. हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल, 1999 वाचा. सफरचंद बागांचाच खटला. तज्ज्ञाने मत कशावरून बनवलं ती सामग्री कोर्टापुढे ठेवायला हवी. नुसता रिपोर्ट आपोआप पुरावा होत नाही, उलटतपासणीला उभं राहावं लागतं. आयोगात शपथपत्रांवर चालतं, म्हणून लेखी प्रश्न द्यायची परवानगी मागा. पहिला प्रश्न: मशीनची जागा तुम्ही पाहिली का?

यावल_केळी: वकीलसाहेब, हवामान विम्यात करारच आकड्यावर असतो. सलग 3 दिवस किमान 8 अंश किंवा खाली. बाग पार बसली तरी मशीनने 9 दाखवले तर दमडी नाही. तज्ज्ञाच्या नाही, मशीनच्या मागे लागा.

वकिली_धुळे: मान्य. पण दोन्ही एकच लढाई आहे, आकडा पडला की मतही पडतं. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 40 बघा, तज्ज्ञाच्या मताला छेद देणारी वस्तुस्थितीही पुराव्यात येते.

सातपुडा_नाना: भाऊ, टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावा. आमच्याकडे शेकोट्या पेटवून रात्रीचं पाणी देतात, थंडी बाधत नाही.

यावल_केळी: नाना, ते वेगळ्या धाग्यावर. रावेरकर, शेजारच्या महसूल मंडळांचे त्याच रात्रींचे आकडे काढा. माहिती अधिकारात कृषी खात्याकडून जागेचा पाहणी अहवाल मागा. तापमानाचा सेन्सर मोकळ्यावर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर लागतो. फोटो आहेत ना?

तापीकाठ_रावेर: शेडजवळचे आहेत. पण मशीन आता तिथं नाही, मोकळ्या रानात नेलंय.

वकिली_धुळे: हे आधी सांगायचं होतं! कधी हलवलं, कोणाच्या आदेशाने? तो कागद तारखेच्या आत मिळवा. बाकीचं नंतर.