मदत हवी आहे: कोरड्या डोळ्यांसाठी ॲक्युपंक्चर कुणी केलंय का?

मानवतला जिनिंगवर बिलाचं काम करतो, वय ४४. सीझनभर रुई उडते, उन्हाळाभर तोंडावर कूलर, आणि बाराही महिने समोर कॉम्प्युटर. वर्षभरापासून डोळे चुरचुरायलेत. दुपारी चारनंतर वाळू गेल्यासारखं वाटतं, आणि गाडीवर वारा लागला की उलट धारा लागतात. बायको म्हणते, "कोरडे डोळे म्हणे! रडायलाच तर लागलात."

परभणीच्या डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी १४ मिलिमीटर भिजली. दहाच्या पुढं म्हणजे पाणी ठीक. मग पिवळा रंग टाकून, पापणी न मिटता बघायला लावलं, तर अश्रूंचा थर ४ सेकंदांत फुटला. दहा तरी टिकायला पाहिजे. म्हणजे पाणी आहे, पण पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्यात, वर तेलाचा थर नीट बसत नाही, म्हणून ते पाणी उडून जातं. रोज दोनदा गरम शेक, पापण्या साफ करणं आणि थेंब सांगितलेत. दोन महिन्यांत फरक आहे, पण थेंब सुटेनात. (शेक, खरं सांगायचं तर, आठवड्यातून तीनदाच होतो.)

आता भावजी मागं लागलेत. संभाजीनगरला एक जण सुया लावतात, १२ वेळा, दर वेळी ५०० रुपये. फोनवर विचारलं तर म्हणाले, "अश्रू वाढतात." इथंच अडलोय. माझं पाणी कमी नाहीच, तर वाढवून काय करू? जाण्यायेण्यात दिवस जातो तो वेगळा. कुणी केलंय का?

सरकीपेंड: मी लातूरला केलं, दहा वेळा. भुवईच्या आतल्या टोकाला, अंगठ्याच्या बेचक्यात, मानेवर सुया. दीड महिना चुरचुर कमी होती. पट्टी मात्र आधी ६, नंतर ७. एकदा डोळ्याच्या कोपऱ्यात काळंनिळं झालं. लोक विचारायचे, घरी भांडण झालं का.

चष्मेवाली: दादा, यावर चाचण्या झाल्यात, बऱ्याचशा चीन-कोरियात. थेंबांशी तुलना केली की सुयांचा आराम जास्त दिसतो, खोट्या सुयांशी (म्हणजे खरा उपचार केल्याचं नुसतं भासवायचं) केली की फरक बराच आटतो. तुमचा त्रास तेलाचा, त्यावर शेकच मूळ. दहा मिनिटं, फडकं गार झालं की बदलायचं, मग पापणी हलकी दाबायची. जायचंच असेल तर सुईचं पाकीट समोर फोडायला सांगा, महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर परिषदेची नोंदणी असते ती विचारा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधीच बोला. थेंब बंद करू नका. आणि कूलरचं तोंड फिरवा हो आधी!

मूळ प्रश्नकर्ता: कूलर आजच फिरवला, वारा आता मुनीमजींना लागायलाय, ते वैतागलेत. ॲस्पिरिन चालू आहे, हे फोनवर सुयावाल्यांनी विचारलंच नव्हतं. महिनाभर शेक नेमानं करतो, मग ते सेकंद पुन्हा मोजून घेतो. तोवर भावजींना काय सांगायचं तेवढं सुचवा.